शार्कचं तेल

ओमानमधल्या सूर बंदरात होड्यांच्या वार्षिक तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे म्हातारा खलफान आणि त्याचा शेजारी जुमा उभे होते.

"खलफानचाचा, तुमची प्लास्टिकची होडी उन्हानं पांढरीफटक पडली होती ना? आज चकाकतेय."

"शार्कचं तेल चोळलं. बापानं आपल्या होडीला जन्मभर तेच चोळलं."

"अहो, ती लाकडाची. लाकूड तेल पितं. प्लास्टिक काय पिणार?"

"तपासणाऱ्या साहेबाला चकाकी दिसली की झालं."

"मघाशी काठावर अंगठा दाबला, तर पापडासारखा तुकडा हातात आला."

"दाबायला सांगितलं होतं कुणी?"

"उद्या हिच्यातून समुद्रावर कोण जाणार?"

"जावई."

"आणि तुम्ही?"

"छे रे बाबा! त्या तेलाचा वास मला नाही सहन होत."