निकेफोरसनं गादी सोडली तेव्हा

आदरणीय अध्यक्ष चंद्रप्पा आप्पा, त्यांच्या शेजारी बसलेले त्यांचे पुतणे आणि संस्थेचे सचिव शिवकुमार, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी, देगलूरकर पालक आणि माझ्या लेकरांनो, सर्वांना हात जोडून शरणु शरणार्थी.

शाल दिलीत, फेटा बांधलात, आता या वीरभद्र मास्तरला बोलायलाही लावलंत. निवृत्त माणसाच्या हाती माईक देणं धोक्याचं, एवढंही कळत नाही का तुम्हाला? मी इतिहास शिकवला, म्हणजे निम्मा जन्म दुसऱ्यांच्याच काळात काढला. अजूनही दुपारी जेवण झालं, पंखा फिरू लागला, की डोळा लागतो आणि कॉन्स्टँटिनोपल दिसतं. समुद्र, घुमट, आणि धुक्यातून हळूहळू चालत येणारा पांढऱ्या दाढीचा सम्राट, निकेफोरस बोतानिएतिस. कधी तर तो आपल्या देगलूरच्या बसस्थानकावर उतरतो. आमच्या मंडळी सिद्धम्मा विचारतात, "आवो, झोपेत कुणाला या-बसा करून राहिलात?"

हा निकेफोरस म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वीचा जुना सेनापती. म्हातारपणी गादीवर बसला, तेही दुसऱ्याला उठवूनच. तीन वर्षं झाली आणि आलेक्सियोस नावाचा तरुण सेनापती फौज घेऊन शहरात शिरला. पण ऐका, म्हातारा अजून हरला नव्हता. आलेक्सियोसची माणसं लुटीच्या नादात पांगली होती, म्हाताऱ्याचे शिपाई रांगेत उभे होते. लढता आलं असतं. धर्मगुरू म्हणाले, आपल्याच लोकांचं रक्त सांडू नका. म्हाताऱ्यानं ऐकलं, गादी सोडली, मठात गेला. पुढं कुणीतरी विचारलं, कसं चाललंय? तो म्हणाला, बाकी कशाचं काही वाटत नाही, मांस मिळत नाही तेवढंच जड जातं.

हे शिकवताना एकदा आप्पा वर्गात मागं बसले होते. कळवळून म्हणाले, "आरं, मग त्या म्हाताऱ्याला कुणी दही-धपाटे न्हाई का दिले?" लेकरं हसून हसून लोळली. आप्पा, त्या दिवशी तुम्ही मला लई आवडलात.

म्हणून आज उघड बोलतो. सोमवारी आपल्या शाळेच्या गेटला दोन कुलपं होती, एक काकाचं, एक पुतण्याचं. दहावीची लेकरं रस्त्यावर बसली. माणसं दोघांकडं आहेत, वकीलही आहेत. संस्थेच्या येत्या सभेत शाळेची दोन शकलं होतील. तुम्ही दोघंही आलात तरच हार घालून घेईन, हा हट्ट मी त्यासाठीच धरला. आप्पा, शाळा तुम्ही उभी केलीत. ती तुमच्या डोळ्यांदेखत फुटलेली मला बघवणार नाही.

आप्पा, उठलात का? रागावलात? माईक पाहिजे? घ्या ना.

मागं आवाज पोचला नसेल तर मी सांगतो. आप्पा म्हणाले, "शिवकुमार, उद्यापासून तू बघ. खुर्ची नको मला. फकस्त सकाळी प्रार्थनेला येऊन उभं राहू दे. तेवढं तोडू नको."

मंडळी, आभाराची नावं मनात धरून आलो होतो, आता एकही आठवेना. रडू येऊन राहिलंय मला. ज्यांचं नाव राहिलं, त्यांचे आभार आधी. भर सभेत घरचं काढलं, मर्यादा सुटली असेल, तर मास्तरची चूक पोटात घाला.

आप्पा, शिवकुमार तुमच्या पायाशी वाकलेत. उठेनात. उचला त्यांना.