यंत्राचं नव्हे, डोक्याचं वय

...आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलात?" अहो, मी कुठे ठेवणार? माझ्या जेवणाच्या टेबलावर व्हॅक्युम क्लीनरचं डोकं उताणं पडलंय, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय, आणि आमचे सासरे डोळ्याला भिंग लावून गरजतात, "तारीख लागल्याशिवाय हलायचं नाही!"

तुम्हाला सांगतो, डोकं म्हणजे माणसाचं नव्हे. व्हॅक्युमच्या पुढे जमिनीवर फिरवायचं चपटं तोंड असतं ना, ते! पूर्वी ते साधं होतं. मग कुणा भल्या माणसाच्या मनात आलं की नुसतं ओढून गालिच्यातली धूळ निघत नाही, तिला आधी बदडलं पाहिजे. म्हणून आत गरगर फिरणारा ब्रश आला. काहींत तो ओढलेल्या वाऱ्यावरच फिरायचा, काहींत त्याला स्वतःची मोटर, मोटर आली की वायर आली, वायर आली की... थांबा, मी हे का सांगतोय? पाठ झालंय हो! अख्खा महिना हेच ऐकतोय.

सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून? जमीन? घर? छे! आई गेल्यावर माळ्यावरून हा व्हॅक्युम निघाला. थोरले म्हणाले, "हा मी आईला दिलेला."

"दादा, शुद्धीवर आहेस का? मी दिला! नोकरी लागली त्या वर्षी खोकं खांद्यावरून आणलं मी!"

"आई मला म्हणायची, तुझ्या यंत्रानं घर लख्ख होतं."

"मलाही हेच म्हणायची!"

झालं! आईला खोटं कोण पाडणार? म्हणून दोघांनी एकमेकांना खोटं पाडलं, उठले, ते उठलेच. यंत्र सासऱ्यांनी उचलून आणलं, एवढंच.

आता थोरल्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. सासूबाई म्हणाल्या, "अहो, भेटून तरी या." सासरे म्हणाले, "जाईन. पण पुरावा घेऊन जाईन." यंत्रावरची पट्टी घासून घासून कोरी झालेली, साल कुठून कळणार? म्हणून डोक्यावरून साल काढायचं! सासूबाईंनी त्या पसाऱ्यासकट यांना घराबाहेर काढलं, आणि लेकीचं घर आहेच की... तारीख लागल्याशिवाय हलायचं नाही!

मग मी गाडी काढायची आणि एका संग्राहकाकडे जायचं. त्याला सगळे धूळमहर्षी म्हणतात. त्याच्या शेडमध्ये छतापर्यंत नुसती डोकी! तो नाकातून बोलतो, "हंऽऽ... ब्रशचा रूळ लाकडी... पट्टा सपाट, दातेरी नाही... वायर दांड्याच्या बाहेरून, क्लिपांनी अडकवलेली... म्हणजे जुनं. पण पुढे दिवा आहे... म्हणजे फार जुनं नाही."

"अहो, पण साल?"

"साल आत, डोक्यातल्या मोटरवर. पण उघडू नका हं! उघडलं की त्यातलं जुनेपण जातं."

सासरे घरी आले आणि पहिलं काम काय केलं? उघडलं! गंजलेला स्क्रू हलेना, तेल सोडलं, फुंकर घातली, दात ओठ खाल्ले, शेवटी झाकण निघालं. मोटरवरची काजळी पुसली आणि उडीच मारली या वयात! "माझ्या नोकरीचं वर्ष! बघा, जावईबापू, ठसठशीत छापलंय!"

मी म्हटलं, सुटलो. हिने चहा टाकला. सासरे खुशीत डोक्याच्या वायरचा प्लग यंत्राच्या पाठीत घालायला गेले... आणि थबकले. सॉकेटवरून बोट फिरवलं. भिंग लावलं. चेहरा उतरत गेला हो!

"हे भोक कारखान्यातलं नाही. कुणीतरी हातानं पाडलंय. यंत्र आधीचं आहे. डोकं नंतर जोडलंय."

मी म्हटलं, "बाबा, तारीख तुमची लागली ना? मग झालं तर!"

"डोक्याची लागली. यंत्राची कुठे लागली?" मग अगदी हळू म्हणाले, "म्हणूनच खोकं खांद्यावर मावलं मला. एवढं लोखंडी धूड कसं मावलं असतं?"

गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण नाही! दुसऱ्याच दिवशी यंत्र, डोकं, सगळं माझ्या गाडीत, आणि आम्ही थोरल्यांच्या दारात. थोरले खुर्चीत, छातीशी उशी धरून. यांनी नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट सांगितलं, "दादा, यंत्र तू दिलंस. मी डोकं दिलं. भांडलो मी उगाच."

थोरल्यांनी त्या सॉकेटकडे बोट केलं. म्हणाले, "ते भोक मी पाडलंय."

"तू?"

"तू डोकं आणलंस, ते यंत्राला लागेचना. आई म्हणाली, धाकट्यानं हौसेनं आणलंय, त्याला कळलं तर हिरमुसेल, तू काहीतरी कर. आणि माझी शपथ, त्याला सांगायचं नाही. तू कामावर गेल्यावर कानस घेऊन बसलो. अंगठा कापला होता, हा बघ व्रण."

"अरे, मग भांडलो त्या दिवशी तरी बोलायचंस!"

"शपथ होती ना रे..."

तुम्हाला सांगतो, सासऱ्यांनी तो अंगठा हातात धरला तो सोडेचनात. थोरले म्हणतात, "हळू, टाके दुखतात," आणि स्वतःच हसतात, आणि हसलं की आणखी दुखतं! मी आपला खिडकीबाहेर बघत उभा. डोळ्यांत धूळ गेली असेल... नाही, मला रडू आलं, सांगतो ना!

आता सगळं सुरळीत, असं वाटतं ना तुम्हाला? काल दोघे भाऊ हातात हात घालून आमच्याकडे आले. म्हणे, यंत्र थोरल्याचं, डोकं धाकट्याचं, पण मधला पाइप दोन्हीपेक्षा नवा निघतोय! मग आईला पाइप दिला कोणी? बहिणीनं? की मामानं? सासरे म्हणाले, "तारीख लागल्याशिवाय..." थोरले म्हणाले, "...हलायचं नाही!" दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची किल्ली उचलली.