चुन्याची रेघ आणि ‘जानकी’चं सुकाणू

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आम्हां सगळ्यांना शाळेत कवायत शिकवणारे आदरणीय काशीराम गुरुजी; आमच्या क्रीडा मंडळाचा आधार आणि ‘जानकी’ बोटीचे मालक भिकाजी नाखवा; विक्रोळीच्या कारखान्यातून मुद्दाम वाट वाकडी करून आलेले क्रीडाधिकारी साहेब; ज्यांच्या निरोपासाठी आज वेसाव्यातल्या या शाळेत पाय ठेवायला जागा उरलेली नाही, ते भिकाजी नाखव्यांचे चिरंजीव आणि आमचे सत्कारमूर्ती लहूदादा; समोर बसलेल्या आयाबहिणी, वडीलधारी मंडळी, आणि खिडक्यांत चढून बसलेली आमची सेना. खिडकी शाळेची आहे रे, जपून. सर्वांना माझा नमस्कार.

मंडळाने मला ‘कर्णधार या नात्याने चार शब्द’ बोलायला सांगितलं आहे. गुरुजींचं म्हणणं असं, की रामाच्या चार शब्दांतला तिसरा शब्द भांडणाचा असतो. खोटं नाही. डोकं माझं लवकर तापतं. इंटरला असताना कॉलेज सोडलं तेही तसंच. त्याचं कारण इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्यांना आज चहाच्या वेळी कळेल. तिसऱ्या रांगेत हसू नका, मला इथून दिसतं.

पण आज मी भांडायला उभा नाही. आज मी घाबरलेलो आहे.  

येत्या नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की ‘जानकी’ पुन्हा पाण्यात उतरेल. आतापर्यंत तिचा तांडेल लहूदादा होता. साहेबांसाठी सांगतो, तांडेल म्हणजे बोटीचा कर्ता. मालक कोणीही असो, किनारा सुटला की तांडेलाचा शब्द शेवटचा. आता लहूदादा तुमच्या कारखान्यात नोकरीला आणि तिथल्या संघात खेळायला चालला, आणि भिकाजी नाखव्यांनी परवा मला ओट्याखाली उभं करून सांगितलं, “रामा, सुकाणू तुझ्याकडं.” तेव्हापासून मला जेवण जात नाही. आई म्हणते दृष्ट लागली. दृष्ट नाही, आई. भीती आहे.

मघाशी साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “हा तुमचा लहू फार तापट म्हणतात. तुम्ही त्याला ताब्यात कसं ठेवलंत?” तेव्हा गुरुजी येत होते म्हणून मी नुसता हसलो. उत्तर आता देतो.

गेल्या मे महिन्यातली कबड्डीची उपांत्य फेरी इथल्या सगळ्यांनी पाहिली आहे. पंचांनी लहूदादाला बाद दिलं. तो गेला नाही. म्हातारे पंच जवळ आले, त्यांना त्याने छातीवर हात ठेवून मागे ढकललं आणि मध्यरेषेवर मांडी घालून बसला. खेळ बंद. प्रेक्षक टाळ्या वाजवतायत. आपल्या संघातला सहदेव, अंधेरीच्या चाळीतलं साधं पोर, वाकून म्हणाला, “लहूदादा, ऊठ ना, लोक बघतायत.” त्याच्या कानाखाली बसली. मग आपल्या मर्जीने बाद होऊन बाहेर गेला, पुन्हा आत आला तेव्हा एकाच चढाईत तिघांना घेऊन परतला, आणि आपण जिंकलो. ज्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं त्यांनी आज मान खाली घालायची गरज नाही. मीही नाचलो होतो. पण नाचता नाचता सहदेव दिसला. कोपऱ्यात गाल धरून टाळ्या वाजवत होता. गालावर हात ठेवून टाळी कशी वाजते? मांडीवर वाजवत होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, फायनलला लहू खेळणार नाही. गुरुजी म्हणाले, योग्य आहे. भिकाजी नाखवा बाप असून नुसतं “बरं” म्हणाले. माझी छाती फुगली. कर्णधार म्हणजे काय ते दाखवून दिलं, असं वाटलं.

त्या बैठकीत एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. आम्ही कोळ्यांची पोरं, आणि ध्यानात आली नाही! आमच्या संघातले चौघे जण ‘जानकी’वर खलाशी. मी त्यातला एक. फायनल रविवारी, आणि गुरुवारी बोट निघायची होती. ज्याला मी रेघेबाहेर बसवलं, त्याच्याच सुकाणूमागे मला तीन दिवस दर्यात बसायचं होतं.

बोटीवर लहूदादा माझ्याशी एक शब्द जास्त बोलला नाही. “रामा, ओढ.” “रामा, पाणी काढ.” बस. मी उत्तरं पाठ करून गेलो होतो, कॉलेजात वादविवादाला करायचो तशी. विचारणारंच कोणी नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. माणूस चिडला की कुठवर जाईल याचा अंदाज येतो. गप्प माणसाचा तळ लागत नाही.

शनिवारी परत फिरायचं, तर त्याने पुन्हा जाळं टाकायला लावलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आपला डावा कोपरारक्षक सीताराम हळूच सरकत आला.

“रामा, तो आपल्याला कराचीला नेतोय.”

“गप बस रे.”

“तुझा शब्द घे ना मागं. शब्दाला काय टाके पडतात?”

“मेलो तरी घेणार नाही.”

“मर की. पण फायनल झाल्यावर मर ना यार. जर्सी नवीन शिवलीय.”

हसलो आम्ही. 

रविवारी सकाळी खाडीच्या तोंडाशी आलो. समोर वेसावा. देवळाचा झेंडा दिसतोय, किनाऱ्यावर बायका उभ्या दिसतायत, त्यातली एक तर मला नक्की ओळखू आली. आणि तिथे लहूदादाने नांगर टाकला. विडी पेटवली. आमच्याकडे पाठ करून बसला.

मे महिन्याच्या अखेरीचा दर्या कसा असतो ते तुम्हांला मी काय सांगावं? वर ऊन, आणि पोटात त्याच्या काहीतरी ढवळतंय. लांबून लाट येताना नुसती फुगलेली दिसते. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथे आली की उभी राहते आणि पांढरी होऊन फुटते. तो आवाज छातीत ऐकू येतो. सामना चार वाजता. ऊन डोक्यावर आलं, तरी हा उठेना. मग माझं डोकं फिरलं.

“लहूदा, मुद्दाम थांबलायस तू! संघ बुडवायचाय ना तुला? सरळ सांग!”

तो वळला. रागावलेला नव्हता. विडी पाण्यात टाकली.

“सुकती हाय,” म्हणाला. सुकती म्हणजे ओहोटी, साहेब. “आता आत गेलो तर वाळूवर आपटू. मैदानात तू कप्तान, रामा. इथं मी पन कप्तान नाय. पानी येऊ दे.”

पाणी आलं. म्हणजे जेवढं हवं तेवढं नाही, पण त्याने नांगर उचलायला लावला. म्हणाला, “सगळ्यांनी खाली बसायचं. काय पन झालं तरी कोनी उठायचं नाय.”

मंडळी, मी पट्टीचा पोहणारा आहे. बोट त्या पांढऱ्यात शिरली, मागून लाटेने उचललं, पुढचं टोक खाली गेलं, आणि बुडाखालून वाळू खरवडल्याचा आवाज आला. माझ्या अंगातली प्रत्येक शीर म्हणत होती, ऊठ, उडी मार, किनारा समोर आहे. आमच्यातला एक जण उठला असता तरी बोट कलंडली असती, हे आज मला कळतं. तेव्हा काही कळत नव्हतं. तेव्हा फक्त त्याचा शब्द होता, खाली बस. मी बसलो. सीतारामच्या मनगटात माझी नखं रुतली, ते वण तो अजून स्थळ घेऊन येणाऱ्या मुलीकडच्यांना दाखवतो, शार्कने धरलं होतं म्हणून.

दुसरी लाट आली, तिने उचलून आम्हांला वाळूपलीकडे ठेवलं. खाडीत पाणी एकदम शांत झालं. लहूदादाचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ओठ पांढरे होते.

आम्ही तसेच खारट अंगाने मैदानात धावलो. पुढचं तुम्ही पाहिलंय, पण मी काय पाहत होतो ते तुम्हांला माहीत नाही. उत्तरार्धात आपण मागे पडलो आणि सगळं मैदान ओरडायला लागलं, “लहू! लहू!” लहूदादा येऊन अगदी रेघेशी उभा राहिला. पायाचे अंगठे चुन्याला टेकलेले. भिकाजी नाखवा म्हणाले, “रामा, झालं गेलं. घे पोराला आत.” मी म्हणालो, “आबा, तुम्ही मागे व्हा, नाहीतर पंच तुम्हांलाही बाहेर काढतील.” आबा, त्या उर्मटपणाची आज भर सभेत माफी मागतो. नुसती त्या आवाजाची. म्हणणं तेच आहे.

लोक म्हणतात, रामा कसा खंबीर राहिला! मंडळी, माझं लक्ष चढाईकडे नव्हतंच. त्या अंगठ्यांकडे होतं. तो आत आला तर? पंचांना तो ढकलून मोकळा झालाय. मंडळ? मंडळातले अर्धे त्याच्याच नावाने ओरडत होते. माझ्या बाजूला काय होतं? चुन्याची एक रेघ. पोराने पाय घासला तरी पुसते. मी सीतारामला विचारलं, “आला आत तर काय करायचं?” तो म्हणाला, “मी त्याच्या पाया पडतो, तू माझ्या मागं लप.”

शेवटच्या चढाईत त्यांनी मला रेघेपाशीच आडवा केला. माझं तोंड लहूदादाच्या पायांशी. वर पाहिलं. तो खाली वाकला नाही, हात दिला नाही. नुसतं म्हणाला, “ऊठ रं. वेळ हाय अजून.” आणि पाय जिथे होते तिथेच.

आपण दोन गुणांनी हरलो. ढाल गेली. पुष्कळांनी माझ्याशी बोलणं सोडलं. नाखव्यांच्या घरातल्या एका माणसाने, नाव घेत नाही, पण किनाऱ्यावर ओळखू आली ती हीच, कोळशाने ओट्यावर रेघ ओढली आणि सांगितलं, “माझ्या भावाला बाहेर बसवलंस ना? आता तूपन बाहेरच उभा ऱ्हा.” ती रेघ अजून आहे. पावसाने फिकी झाली, की पुन्हा ओढली जाते.

फायनलच्याच संध्याकाळी किनाऱ्यावर मी लहूदादाला गाठलं. जाळं झटकत होता. विचारलं, “का नाही आलास आत? कोणी अडवलं असतं तुला?”

तो म्हणाला, “कोनी नाय.”

“मग?”

“वाळूवर बोट लागली तवा तू उठलास काय?”

“नाही.”

“मग मी कसा येनार?”

साहेब, हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी त्याला ताब्यात ठेवलं नाही. तुमच्याकडे पगार आहे, हजेरी आहे, गेटवर पहारेकरी आहे. त्याने तो थांबेल असं समजू नका. त्याने एकदा पंचांना ढकललंय, तुमच्याकडेही ढकलेल. मग त्याला बाहेर बसवा, जरूर बसवा. पण त्याआधी त्याच्या शब्दावर तुमच्यातलं कोणीतरी कुठेतरी खाली बसलेलं असू द्या. नाहीतर तुमची रेघ नुसता चुना आहे. आणि सहदेव, तू मागच्या रांगेत काय करतोस? पुढे ये. लहूदादा गेल्या आठवड्यात तुझ्या चाळीत येऊन गेला हे मला कळलंय. काय बोलला ते विचारत नाही.

कारखान्याचं पत्र आलं तेव्हा आबांनी लहूदादाला विचारलं, सुकाणू कोणाला द्यायचं? तो म्हणाला, रामाला. आबा म्हणाले, “त्याला तर लय भ्या वाटतं.” हा म्हणतो, “म्हनूनच. बाकीच्यांना वाटत नाय. ते बुडवतील.”

लहूदादा, तू मोठा विश्वास टाकलास, पण झोप माझी गेली. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या खेपेला मी खाडीच्या तोंडाशी नांगर टाकेन, समोर झेंडा दिसत असेल, आणि मागून कोणीतरी माझ्यासारखाच तापट पोरगा ओरडेल, “मुद्दाम थांबलायस तू!” तेव्हा मी वळून त्याच्याकडे बघेन, आणि माझे ओठ पांढरे झालेले त्याला दिसतील. तुझे आम्हांला खाडीत आल्यावरच दिसले; नांगर टाकून तू पाठ करून बसला होतास. आज कळतं, का ते.

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणून आवरतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, दालन देणाऱ्या शाळेचे, आणि पहाटेपासून चहाच्या भांड्यांपाशी राबणाऱ्या आयाबहिणींचे मंडळाच्या वतीने आभार मानतो. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर थोरांनी लहानाचं समजून पोटात घालावं.

राहता राहिली ओट्यावरची रेघ. ती मी ओलांडलेली नाही आणि ओलांडणार नाही. पहिल्या खेपेहून ‘जानकी’ सुखरूप आत आली, तर ज्या हाताने ती ओढली त्याच हाताने पुसावी, एवढीच या सभेतून नम्र विनंती. आबा, असं बघू नका. मी बाहेरच उभा आहे.