लोबानच्या धुरामागं

पिंपळगाव राजाच्या बसमध्ये पुष्पांजलीनं भूगोलाचं पुस्तक उघडलं खरं, पण पुढच्या सीटवर फातिमाबी आणि वच्छलाबाईंच्या गप्पा अशा काही रंगल्या होत्या, की तिचे कान केव्हाच पुढं जाऊन बसले होते!

"फातिमाबी, तुमचं नवं घर म्हणे भर उन्हाळ्यात बी थंडगार?"

"थंडगार हाय ना! भिंती जाड, खिडक्याईले दुहेरी काच, कुठं फट म्हणून नाई. पण हवाच कोंडली. माह्या पोराच्या, आसिमच्या अब्बाचा दमा वाढला. रातभर उशीले टेकून बसून राहत."

"अरे देवा! मंग?"

"मंग आमची सून, मुबीना! अब्बाले बाहेर ओट्यावर बसवलं, जुम्मेरातचा लोबान घरभर फिरवला आन् धूर कुठं जाते ते पाहत राह्यली. अब्बाच्या खोलीतला धूर तं पाहुण्यावानी ठाण मांडून बसला. म्हणे, अम्मी, इथं भिंत फोडा लागते."

"नवी भिंत?"

"मी तं लय भांडली! तिनं आयकलंच नाई, मिस्त्री बोलावला. अब्बाच्या खोलीत खाली जाळी, सैपाकघरात वर पंखा. आता ताजी हवा इकून येते, कोंदट तिकून जाते. थंडावा तसाच."

"लय हुशार हाय बाई तुमची सून!"

"हुशार? तिच्यापायी माही झोप गेली!"

"काऊन? आता काय केलं तिनं?"

"अब्बा आडवे होऊन असे घोरतात, असे घोरतात! आन् मी खुळी, आयकतच पडून राहते."