ओढ्यासाठी उचललेला बेलभंडार

मंडळी, एक सांगा बरं — चांगल्या माणसाला नियम कशाला? चोराला कोठडी, ते ठीक! पण जो मुंगीलाही वाट देतो, त्याला दंड सांगायचा? शोभतं का? माना काय डोलवताय! आधी ऐका!

एक होता खंडेराव ढोमसे. द्राक्षबागायतदार, गळ्यात माळ, मन लोण्याचं! त्याच्या शिवारातला ओढा खालच्या वाडीला जायचा, अन् त्याच वाडीत दिलेली त्याची एकुलती लेक — वैजू.

आता गाव काय करायचं? फवारणीचे पंप ओढ्यातच धुवायचं! विष जायचं कुठं? खाली! ग्रामसभेत कुणी म्हणालं, "नियम करा. जो धुईल, त्यानं आठवडाभर वाडीला प्यायचं पाणी पोचवायचं."

खंडेराव ताडकन उठला. "अरे, आपण काय चोर आहोत? देवापुढं बेलभंडार उचलू, शपथ घेऊ. झालं!"

सगळ्यांनी उचलला. नियम राहिला बाजूला!

अन् बरं का, शपथ पाळली हो! पार सुगी तोंडावर येईपर्यंत पाळली. मग एका दुपारी आभाळ दाटलं. एक औषध मारून झालेलं, दुसरं भरायचं, पंप विसळायला पाणी हवं — अन् वीज गेली! ती जाणारच, आपलीच ना! विहिरीची मोटार गप्प. ओढा समोर. खंडेराव पुटपुटला, "एकदाच. देवा, माफ कर."

देव करतो हो माफ! पण पाणी थांबतं का माफीसाठी?

दोन दिवसांनी वैजू आली. कडेवर नातू, त्याच्या अंगभर लाल चट्टे. "डॉक्टर म्हणाले, उतरतील. ओढ्याच्या पाण्यानं झालंय."

खंडेरावाचा हात लेकराच्या पाठीवरच थांबला. "वैजू... तो पंप माझा होता गं."

"ठाऊक आहे, नाना. पाणी पांढरट आलं, तेव्हा वर तुमच्याच बागेत फवारणी चालली होती."

"मग भांडायला का नाही आलीस?"

"माहेराशी भांडू? सासरी सांगितलं, कुणाचं ते कळलं नाही." तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "नाना, नियम करा. तो भांडेल तुमच्याशी. मला नका भांडायला लावू!"

...मृदंगवाले, जरा थांबा. हे वाक्य मनात उतरू द्या.

पुढच्या सभेत खंडेराव उभा राहिला. "नियम लिहा. पहिला दंड माझा."

"नाना, तुमच्यावर विश्वास आहे की!"

"माझ्यावर असेल रे. माझ्या घाईवर कसा ठेवशील?"

दुसऱ्या दिवशी वाडीत ट्रॅक्टर आला, मागं पाण्याची टाकी. वैजू दारात. "नाना, दंड भरायला आलात, की लेकीला भेटायला?"

"आधी हंडा आण, मग सांगतो!" म्हातारा हसला, अन् डोळे पुसले.

मंडळी, तुम्ही चांगलेच आहात! पण चांगला माणूसही दमतो, घाबरतो, घाई करतो. नियम असतो तो त्या एका दुपारसाठी! तुमच्या ओढ्याच्या खालच्या अंगालाही कुणाची तरी लेक हंडा भरतेय, अन् माहेरची अब्रू झाकत गप्प बसलीय. उद्या आपली ग्रामसभा आहे. इथं देवापुढं हात जोडलेत ना? उद्या तिच्यासाठी तेच हात वर करा!