टिकटिक गेली, पावर तेवढीच

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं हे सगळं, म्हणून तर म्हणते दादा, जरा हळू सरका — आणि बोलू नका, मान हलवली तरी चालेल. आत्ताच डोळा लागलाय बाळाचा. तुम्ही एमआयडीसीतून सुटलात ना, गळ्यात कार्ड दिसतंय — मग इंजिनातलं कळत असेल. ऐकू येतंय का, सीटच्या मागून? टिकटिक टिकटिक. रिक्षा ह्या दिनानाथकाकांची, पण टिकटिक आमची.

म्हणजे आमच्या ह्यांचीपण रिक्षाच आहे. मागच्या पावसाळ्यात मांजर्लीत घरात पाणी शिरलं, तेव्हा बाळ जेमतेम बारशाचं — रिक्षा वर रस्त्याला लावून आतच बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून, आणि तिथे ह्याला त्या आवाजाची सवय लागली. पाळण्यात झोपत नाही. अंगाई म्हटली तर असा बघतो की माझी मलाच लाज वाटते. रिक्षा दाराशी आणून चालू केली की गार. बरं चाललं होतं. आणि मंगळवारी ह्यांनी कॅम्प तीनच्या बाजारातून इंजिनाचा नवीन रॉकर आर्म आणला — कंपनीचा नाही, बाहेरचा, चकचकीत, निळ्या डबीतला. दुकानाचा शेठ म्हणाला म्हणे, लगा के देखो, घोडे बढ़ जायेंगे — घोडे म्हणजे इंजिनाची पावर. साईनाथ मेकॅनिकने बसवला, चार दहाला इंजिन चालू केलं — आणि आवाजच नाही. सगळे खूश, आणि हा माझ्या कडेवर टक्क डोळे उघडून. तेव्हापासून उघडेच आहेत असं समजा.

पावर वाढली का? नाही वाढली. मी सातवी शिकलेली, पण एवढं मला कळतं — बागेतलं सी-सॉ असतं ना, तसा तो आर्म. एकीकडून इंजिन दाबतं, दुसरीकडची झडप उघडते, गॅस आत जातो. सी-सॉ नवीन आणलं, गुळगुळीत, पण लांबी तीच — मग झडप जास्त कशी उघडेल? लांबी बदलायची तर बरोबरीचं बाकीचंपण बदलावं लागतं. जुना झिजला होता म्हणून वाजायचा, नवीन वाजत नाही, संपलं. साईनाथला म्हटलं, माहीत होतं तर बसवलास कशाला? तर म्हणतो, वहिनी, मी पार्ट बसवतो, समजूत नाही काढत.

तरी हे पुलाच्या चढावर घेऊन गेले आम्हाला — सासूबाई, मी, बाळ, तांदळाचं पोतं. तिथे दातांच्या डॉक्टरचा बोर्ड आहे, त्या बोर्डापाशी नेहमीच गिअर उतरवावा लागतो. नवीन आर्म असून तिथेच धाप लागली रिक्षेला. पण हे गिअर उतरवतील तर ना — रिक्षा थडथडतेय, सासूबाई कुलदैवत आठवतायत, आणि हे म्हणतात, बघितलंस, कशी खेचते. मी म्हटलं, होती तेवढीच खेचते. तेवढ्यावर गप्प बसायचं ना मी — नाही, स्टँडवर येऊन चारचौघांत परत बोलले. आता म्हणतात, जुना आर्म ह्या जन्मात लागणार नाही. म्हणजे प्रश्न पावरचा राहिलाच नाही, कळलं ना.

तो जुना साईनाथने काकांच्या रिक्षेत घातला, त्यांचा तुटला होता. म्हणून मी दुपारभर हिच्यातच बसते. काका भाडं घेत नाहीत, मी डबा देते. आज भेंडी होती. कुणाचा डबा? ह्यांचाच. ह्यांना सांगितलंय गॅस संपलाय, वडापाव खातात बिचारे — हसू नका दादा, हलला तो.

थांबा हं, नाकापाशी बोट धरून बघते. चालू आहे श्वास. झोपला नाही की वाटतं ह्याला काहीतरी होतंय, झोपला की वाटतं झालं. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाळ ठणठणीत आहे, तुम्ही झोपा. मी कशी झोपू? आधी गल्लीच्या तोंडाशी टिकटिक आली की कळायचं, आले हे. आता कळतच नाही. कुठलीपण रिक्षा वाजली की दार उघडते, दुसरीच असते — हे सांगायचं नव्हतं मला. जाऊ दे.

नाका आला. तुम्हाला मांजर्लीला ना? मग ती पुढची, तीन मिरच्या आणि लिंबू लावलेली, ती आमची, तिच्यातच बसा. मी पदर ओढून घेते, मला बघितलं म्हणू नका. फक्त म्हणा — विकासभाऊ, नवीन आर्मने छान खेचते गाडी, पण जुन्यावर याहून खेचायची. हो, खोटंच आहे. गिऱ्हाईकाचं ऐकतात ते. काका आज जुना काढून देऊन तो नवीन घ्यायला तयार आहेत, टिकटिकीने त्यांचंच डोकं उठलंय. आणि तुमच्या शेजारी कोण बसेल त्यालापण सांगा, म्हणावं पुढच्याला सांग — चार जण बोलले की खरं होतं, ते घोड्यांचंपण असंच तर आलं आमच्या घरात. जा आता, सीट भरेल. सावकाश उतरा — काका, इंजिन बंद नका क—