न केलेली सही

वय ४३ वर्षे, व्यवसाय विधिमंडळ सदस्य, त्याआधी गणिताची शिक्षिका, राहणार शाळेमागची दुमजली इमारत, वरचा मजला. मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर होऊन सांगते की,

मी दोन वर्षांपूर्वी निवडून आले. घरी मी, पती आणि नऊ वर्षांची मुलगी असे तिघे राहतो. माझ्याआधी या जागेवर एक बाई होत्या. त्यांचा राजीनामा मुदतीच्या मध्येच, प्रकृतीच्या कारणावरून, मंजूर झाला होता.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला दाराखालून एक पाकीट आले. आत टाईप केलेली एकच ओळ होती. "कपाट खिडकीपासून हलवलंत, बरं केलंत." कपाट आम्ही त्याच सकाळी, पडदे ओढून घेऊन हलवले होते. आठवड्याने दुसरे पाकीट आले. "मुलगी झोपेत पाढे म्हणते. सतराला अडखळते." ती अडखळते. हे मी पतींनाही सांगितलेले नव्हते.

मी त्या माजी सदस्य बाईंकडे गेले. त्यांच्या सगळ्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली होती. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारले, "कपाट हलवलंस का गं?"

मी हो म्हणाले.

"मग आता तुझा राजीनामा जाईल."

"मी देणारच नाही."

त्या म्हणाल्या, "मीही दिला नव्हता. सही माझी नव्हतीच. पण बातमी आली तेव्हा घरात सगळ्यांना इतकं हायसं वाटलं, की मला नाही म्हणवेना."

आज सकाळी साडेदहाला सभागृहाच्या कार्यालयातून कारकुनाचा फोन आला. माझा राजीनामा पोचला असून अध्यक्ष तो तीन वाजता वाचून दाखवणार आहेत, असे त्याने सांगितले. पती शेजारीच होते. ते म्हणाले, "सुटलो एकदाचे." मी सही केली का, हे त्यांनी विचारले नाही.

मी कार्यालयात जाऊन पत्र पाहिले. सही हुबेहूब माझी आहे. मला स्वतःलाही फरक सांगता आला नाही.

मी राजीनामा दिलेला नाही. तीन वाजता मी माझ्या जागेवर उभी राहून तसे सांगणार आहे. त्यासाठी या जबाबाची प्रत त्याआधी हातात मिळावी. माजी सदस्य बाईंना मी फोन केला होता. त्या आल्या आहेत, बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांनाही जबाब द्यायचा आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. मला लिहिता-वाचता येते. तरी सहीऐवजी अंगठा उमटवत आहे.